मातृभाषा इंग्रजी नाही, तरी परदेशात इंग्रजी शिकवायचंय

निळीशाई

परदेशात इंग्रजी शिकवायला जायची मनापासून इच्छा आहे, पण जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' (म्हणजे ज्याची मातृभाषाच इंग्रजी तो) हे शब्द दिसले की अर्ज करायचा धीरच होत नाही, असं सांगणारे निरोप मला बरेच येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. मी आधी थायलंडमध्ये आणि मग व्हिएतनाममध्ये शिकवलं. आता नव्या शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि भरतीच्या वेळी डेमो तास बघायला बसते. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 'नेटिव्ह हवा' ही अट दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. काही देशांत ती व्हिसाच्या नियमातच आहे. तिथे शाळेला तुम्ही कितीही आवडलात तरी शाळेचे हात बांधलेले असतात. बाकीच्या देशांत कायदा असं काही म्हणत नाही. पालकांना गोरा चेहरा किंवा अमेरिकन उच्चार हवे असतात अशी संस्थाचालकांची समजूत असते आणि त्यातून तसं छापायची रीत पडलेली असते. कायद्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे वेळ घालवू नका. रीत मात्र बदलते. होतं असं की माणसं हे दोन्ही एकाच पारड्यात टाकतात, बंद दारावर शंभर अर्ज आपटतात आणि जिथे खरंच जागा होती तिथे अर्जच करत नाहीत.

कायद्याने बंद म्हणजे कुठे? दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. एक अपवाद फार कमी लोकांना माहीत असतो. २०१० पासून लागू असलेल्या सेपा या भारत-कोरिया आर्थिक भागीदारीच्या करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीय नागरिकांना शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून हा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे कायद्याने तेवढी फट ठेवली आहे. भरती करणारी संस्था हा मार्ग वापरते का, हे मात्र पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या.

चीनमध्ये परकीय भाषा शिकवणाऱ्याने मुळात स्वतःची मातृभाषाच शिकवावी असं धोरण आहे. शिवाय पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. इंग्रजीभाषक देशात पदवी घेतलेल्यांना काही ठिकाणी वाट सापडते, आणि गणित किंवा विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. पण 'तुम्ही बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून घेऊ' असं कुणी म्हणालं तर तिथेच संभाषण थांबवा. कामासाठीचा झेड व्हिसा नसताना शिकवताना सापडलात तर दंड, कोठडी आणि देशाबाहेर रवानगी तुमची होते.

आता उघडी दारं. जपानमध्ये भाषाशिक्षकाच्या व्हिसाला नागरिकत्वाची अट नाही. पदवीधर असाल तर भाषा शिकवण्याच्या कामासाठी तीन वर्षांच्या अनुभवाची अटही लागत नाही. परदेशी सहायक शिक्षकांना शाळांत नेणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या जपान सरकारच्या जेट योजनेत फिलिपिन्स, जमैका, सिंगापूर इथले शिक्षकही असतात. कोणत्या वर्षी कुठून भरती आहे हे त्या त्या देशातल्या जपानी दूतावासाच्या संकेतस्थळावर कळतं. व्हिएतनाममध्ये नॉन-नेटिव्ह शिक्षक कायदेशीरपणे चालतो, फक्त कागद जास्त लागतात: पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि इंग्रजीचा सी१ पातळीचा (युरोपीय मोजपट्टीवर वरून दुसरी, सी२ सगळ्यात वरची) दाखला. कंबोडियात अटी त्याहून सैल आहेत. फ्रान्सच्या शाळांतल्या भाषा-सहायक योजनेत भारतातूनही निवड होते, पण त्यासाठी बऱ्यापैकी फ्रेंच यावं लागतं.

आखातातलं मला स्वतःला ठाऊक नाही. तिथे काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

कोरीपाटी

ताई, खूप आभार. वाचनखूण साठवली आहे.

माझं बीएड झालंय, शाळेत इंग्रजी शिकवते आहे. प्रश्न प्रमाणपत्राचा आहे. ऑनलाइन १२० तासांचा टेफल (इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) फार स्वस्तात मिळतो, केंब्रिजचा सेल्टा कोर्स त्याच्या कितीतरी पट महाग. बीएड असताना सेल्टावर खर्च करावा का? आणि आयईएलटीएस द्यायचीच का?

उनाड_पक्षी

थायलंडबद्दल भर घालतो, मी अजून इथेच आहे.

इथे नॉन-नेटिव्ह शिक्षकांशिवाय शाळा चालणारच नाहीत, इतके फिलिपिनो शिक्षक आहेत. आफ्रिकेतले आहेत, पूर्व युरोपातले आहेत, आपलेही आहेत. पदवी लागते, आणि नॉन-नेटिव्ह असाल तर इंग्रजीचा पुरावा म्हणून बहुतेक ठिकाणी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे किमान ६०० गुण मागतात. ६०० वर समाधान मानू नका. ९०० च्या पुढे गुण असले की मुलाखतीत भाषेबद्दलची शंका तिथेच मिटते. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, मग वर्क परमिट आणि शाळेत शिकवायचं तर शिक्षक परिषदेची म्हणजे कुरुसपाची परवानगी असा क्रम असतो. पूर्ण परवाना नसेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती सवलत मागते. ती ठरावीक काळापुरतीच असते, म्हणून परवान्याची तयारी पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.

एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. एकाच स्टाफरूममध्ये, तेच तास, तीच मुलं, आणि पगाराची दोन वेगळी पत्रकं. माझ्या पहिल्या शाळेत असंच होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वर्गात जाण्याआधी मला विचारायचा की हा पाठ कसा घेऊ, आणि पगार त्याला जास्त. मी शांतपणे मुख्याध्यापकांकडे गेलो. पगार पात्रतेवर ठरतो की पासपोर्टवर, एवढंच विचारलं आणि लेखी उत्तर मागितलं. उत्तर आलं नाही. मी वर्ष पूर्ण करून दुसरी शाळा धरली. तिथे पदवी, प्रमाणपत्र आणि अनुभव यांवर पगाराच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. अशा शाळा आहेत. मुलाखतीत 'तुमची पगारश्रेणी कशावर ठरते' हे विचारायला लाजू नका. ज्यांची श्रेणी ठरलेली असते ते लगेच सांगतात.

निळीशाई

@कोरीपाटी, बीएड हा तुमचा मोठा आधार आहे, तो कमी लेखू नका. शाळांसाठी, विशेषतः आंतरराष्ट्रीय शाळांसाठी, तो सेल्टापेक्षा महत्त्वाचा. भाषाकेंद्रांना मात्र मोठ्या माणसांना बोलतं करणारा शिक्षक हवा असतो, आणि तिथे सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टटेसॉल यांचं वजन वेगळं आहे. कारण साधं आहे. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, आणि प्रशिक्षक मागे बसून मिनिटामिनिटाची नोंद करतो. स्वस्तातल्या ऑनलाइन कोर्सात एकदाही वर्गासमोर उभं राहावं लागत नाही. व्हिसासाठी १२० तासांचा कागद चालून जातो, पण भरती करणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही. आमच्यासारख्यांना आधीच एक पायरी जास्त चढावी लागते, त्यामुळे माझं स्पष्ट मत: पैसे साठवा, थोडं थांबा, पण वर्गात शिकवायला लावणाराच कोर्स करा. सेल्टाला प्रवेश देतानाच लेखी काम आणि मुलाखत घेऊन तुमचं इंग्रजी वरच्या पातळीचं आहे ना हे तपासतात, म्हणजे तो दाखला हातात असणं हाही एक पुरावाच होतो.

परीक्षेचं म्हणाल तर आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, टोइकचंही तेच. केंब्रिजची सी२ प्रोफिशियन्सी ही परीक्षा अवघड आहे, पण तिच्या प्रमाणपत्राला मुदत नाही. या व्यवसायात राहायचंच असेल तर ती एकदा देऊन टाकावी.

रोखठोक

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नये. फी भरणारा ग्राहक आहे आणि त्याला काय हवं ते तो ठरवणार. मला उद्या जर्मन शिकायचं असेल तर मी जर्मन माणसाकडेच जाईन. मग संस्थेने नेटिव्ह मागितला तर तो भेदभाव कसा?

स्वल्पविराम

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. पण ही अपेक्षा ग्राहकाच्या मनात आली कुठून, ते बघितलं पाहिजे. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी अध्यापनाबद्दल परिषद झाली. आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्रजी तो, हे गृहीतक त्या काळात तिथून रुजत गेलं. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी त्या परिषदेतल्या गृहीतकांची चिरफाड केली आणि याला 'नेटिव्ह स्पीकर फॅलसी' म्हणजे नेटिव्हबद्दलचा भ्रम म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की शिकवणं हे कौशल्य प्रशिक्षणाने येतं, जन्माने येत नाही. त्याही आधी, १९८५ मध्ये, ब्रज काचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारख्या देशांतलं इंग्रजी हीही त्या भाषेची आपापल्या हक्काची रूपं आहेत हे ठामपणे सांगितलं.

हंगेरीचे पीटर मेजिश, स्वतः नॉन-नेटिव्ह शिक्षक, यांनी तर दोन्ही प्रकारच्या शिक्षकांची बलस्थानं तपासली. नॉन-नेटिव्ह शिक्षक स्वतः यशस्वी विद्यार्थ्याचं जिवंत उदाहरण असतो. शिकण्याच्या युक्त्या त्याला ठाऊक असतात. विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच दिसतं. विद्यार्थ्यांची मातृभाषा येत असल्याचा फायदाही त्यांनी सांगितला आहे. परदेशात गेल्यावर तो एक फायदा आपल्याला मिळत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. तो मिळवायचा तर तिथली भाषा शिकावी लागते.

आणि भेदभाव म्हणायचं कारण हे की व्यवसायानेच तसं म्हटलंय. टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये नॉन-नेटिव्ह शिक्षकांविरुद्धच्या भेदभावाचा निषेध करणारी अधिकृत भूमिका जाहीर केली. त्याच दशकाच्या सुरुवातीला युरोपीय आयोगानेही युरोपीय संसदेत उत्तर देताना नोकरीसाठी 'मातृभाषक' असण्याची अट मान्य नाही, भाषेचं उत्तम ज्ञान ही अट घालावी, असं सांगितलं.

रोखठोक

माहिती चांगली आहे. पण संघटनेच्या ठरावाने पालक बदलत नाहीत.

निळीशाई

खरं आहे, नाही बदलत. पालक बदलतात ते मूल घरी येऊन काय बोलतं त्यावरून. म्हणून मी ठराव दाखवत बसायला सांगत नाही, वर्ग दाखवा म्हणते.

तुमच्या जर्मनच्या उदाहरणाबद्दल एक विचारते. तुम्ही अगदी पहिल्या पायरीवर असाल, तिन्ही लिंगं आणि विभक्ती डोक्यात घोळत असतील, तर ते गणित स्वतः सोडवून आलेला माणूस जवळचा वाटेल की ज्याला ते कधी सोडवावंच लागलं नाही तो? अगदी वरच्या पातळीवर, बोलीतल्या बारीक छटांसाठी, मीही मातृभाषक शोधेन. चांगल्या संस्थांत दोन्ही प्रकारचे शिक्षक असतात. वाद फक्त 'फक्त' या अटीशी आहे.

दर्याकिनारा

आखाताबद्दल लिहितो. ओमानमध्ये शिकवलं, नंतर अमिरातीत.

आखातात आपल्यासारख्यांसाठी मुख्यतः दोन वाटा. एक, शाळा. तिथे पदवी, बीएड किंवा समकक्ष पात्रता आणि अनुभव. दोन, महाविद्यालयांचे पायाभूत वर्ग. पदवीचं शिक्षण इंग्रजीतून असतं, त्यामुळे बारावीनंतर आलेल्या मुलांना आधी इंग्रजीची तयारी करून घेतात. ओमानमध्ये याला फाउंडेशन प्रोग्रॅम म्हणतात, सौदीत प्रेपरेटरी इयर. या वर्गांत दक्षिण आशियातले, फिलिपिन्समधले, अरब देशांतले शिक्षक भरपूर आहेत. एमए आणि त्यावर सेल्टा असेल तर अर्ज बाजूला पडत नाही.

खरी दमछाक कागदांची. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात (एका देशाचे कागद दुसऱ्या देशात एकाच शिक्क्यावर ग्राह्य धरण्याचा करार) आहे. ओमान, सौदी, जपान, कोरिया हेही आहेत. या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिलचा शिक्का म्हणजे कागद पक्का झाला. अमिराती त्या करारात नाही. तिथे राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि पोहोचल्यावर पुन्हा तिथलं परराष्ट्र मंत्रालय अशी सगळी साखळी पुरी करावी लागते. ऑफर आल्यावर हे सुरू केलं तर रुजू व्हायची तारीख निघून जाते. पदवीचं काम आधीच करून ठेवा.

आणि नाव! पदवीवर आद्याक्षरं, पासपोर्टवर पूर्ण नाव. पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. एवढ्यावरून माणसांच्या फायली अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. सगळे कागद एका टेबलावर मांडून प्रत्येक नावातलं प्रत्येक अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. उलट पोलीस क्लिअरन्स फार आधी काढू नका, काही महिन्यांतच शिळं होतं.

करार अरबीत आणि इंग्रजीत असतो, आणि तफावत निघाली तर अरबी मजकूर धरतात. अरबी वाचणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मालकाने तो ठेवून घेणं अमिरातीत आणि सौदीतही बेकायदा आहे.

काजवा_रानातला

दर्याकिनाऱ्यांनी पासपोर्टचा विषय काढलाच आहे तर कळकळीने लिहितो. म्यानमार, कंबोडिया, लाओस या भागांत ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चालतात, आणि तिथे माणसं आणली जातात ती चांगल्या नोकरीच्या जाहिराती दाखवूनच. टेलिग्रामवर ओळख, मुलाखत नावापुरती, पगार न पटण्याइतका मोठा, तिकीट तेच पाठवणार, आणि उतरल्यावर गाडीने सीमेपलीकडे. अशा अड्ड्यांतून भारतीयांची सुटका करून आणावी लागली आहे.

कंबोडियात खऱ्या शाळाही आहेत, वर ताईंनी लिहिलंय ते बरोबर. म्हणून तपासून जा. शाळेचं संकेतस्थळ बघा, नकाशावर इमारत बघा, आणि आत्ता तिथे शिकवत असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी व्हिडिओवर बोलायला मागा. खरी शाळा नाही म्हणत नाही. वर्ग बघायला मिळेल का विचारा. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की तिथून उठा. एजंटमार्फत जात असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या यादीत नोंदलेला आहे का बघा. आणि घरी एका माणसाकडे शाळेचा पत्ता, विमानाचा तपशील, कराराची प्रत ठेवून जा.

शिरवा

माझा अनुभव वेगळ्या वळणाचा. एका भाषाकेंद्राने फोनवर अर्धा तास बोलून 'उत्तम' म्हटलं, वेळापत्रकही पाठवलं. मग पासपोर्टची प्रत मागितली आणि दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचा मेल आला. जाहिरात पुढे कितीतरी दिवस तशीच होती. त्यानंतर बायोडेटात राष्ट्रीयत्व लिहावं की नाही हेच कळेनासं झालंय. लपवलं तर पुढे असं होतं, लिहिलं तर उत्तरच येत नाही.

निळीशाई

शिरवा, वाचून वाईट वाटलं. असं झालं की काही दिवस तोंडातून इंग्रजी वाक्य काढतानाही माणूस चाचरतो, हे मी जवळच्यांच्या बाबतीत पाहिलंय. तुमच्या भाषेत काही कमी नव्हतं, ते फोनवर सिद्ध झालं होतं.

राष्ट्रीयत्व लपवू नका. उलट पहिल्याच मेलमध्ये एका ओळीत सांगून टाका: माझा पासपोर्ट अमुक देशाचा, या व्हिसासाठी लागणारे हे कागद तयार आहेत, आणि माझ्यासाठी वर्क परमिट काढता येतं असा नियम आहे. बऱ्याच लहान संस्थांना नॉन-नेटिव्ह शिक्षकाचं परमिट निघतं हेच माहीत नसतं. तुम्ही नियम आणि कागदांची यादी हातात दिलीत की त्यांची निम्मी भीती जाते. ज्यांना पासपोर्टच नको आहे ते पहिल्याच दिवशी गप्प बसतात, तुमचे आठवडे वाचतात. फोटोऐवजी शिकवतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडा, आणि मेल मनुष्यबळ विभागाऐवजी शैक्षणिक प्रमुखाला पाठवा. वर्गात काय चाललंय ते त्याला कळतं.

आता डेमोबद्दल लिहिते, कारण निकाल तिथे लागतो आणि यावर फारसं कुणी लिहीत नाही.

बहुतेक नवे उमेदवार डेमोत आपलं इंग्रजी दाखवायला येतात. वीस मिनिटं तेच बोलतात, सुंदर बोलतात आणि नापास होतात. मागे बसलेला माणूस एकच बघत असतो: विद्यार्थी किती बोलले. मला आठवणारा एक उत्तम डेमो सांगते. शिकवणारी फिलिपिनो होती. विषय प्रेझेंट परफेक्ट. ती वर्गात आली, खिशातून तडा गेलेला फोन काढला, चेहरा पाडला आणि म्हणाली, 'आय हॅव ब्रोकन माय फोन.' फळ्यावर काही नाही, व्याख्या नाही. मग सोप्या इंग्रजीत तीन प्रश्न. फोन आत्ता फुटलेला आहे का? हो. कधी फुटला ते मी सांगितलं का? नाही. मला आत्ता कशाची चिंता आहे, कधी फुटला याची की फुटलाय याची? वर्ग एका सुरात: फुटलाय याची. मग तिने फळ्यावर 'यस्टरडे' लिहिलं आणि हाताने खूण केली, आता वाक्य काय होईल? मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला, 'आय ब्रोक.' ती काही न बोलता त्याच्या दिशेने मान हलवून हसली, आणि पुढची दहा मिनिटं मुलं जोडीजोडीने हरवलेल्या, तुटलेल्या, सांडलेल्या वस्तूंबद्दल बोलत होती. तिचा स्वतःचा आवाज त्या वेळात जवळपास ऐकू आला नाही. तिला तिथल्या तिथे घेतलं.

तिने दुसरी एक गोष्ट केली. व्हिएतनामी मुलं इंग्रजी शब्दाचा शेवटचा व्यंजनध्वनी गिळतात. 'राइस', 'राइट', 'राइड' तिन्ही एकसारखेच ऐकू येतात. तिने तळहात तोंडासमोर धरायला सांगितला, 'राइस' म्हणताना शेवटी हातावर वारा लागला पाहिजे. मुलं हसत हसत करत होती, आणि शेवटचा 'स' ऐकू येत होता. हे तिला सुचलं कारण ज्या वर्गात जायचं तिथली मुलं कुठे अडतात हे ती आधी वाचून आली होती. डेमोआधी तेवढा एक तास द्या.

आपल्या स्वतःच्या उच्चारांवरही काम करायला हवं. अमेरिकन सूर उसना आणू नका, तो दहा मिनिटांत गळून पडतो. पण इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व' नेच म्हणतो, आणि शब्दातला आघात हवा त्या अवयवावर देत नाही. ऐकणाऱ्याचा गोंधळ बहुतेकदा इथेच होतो. स्वतःचं रेकॉर्डिंग करून या दोन गोष्टी रोज थोड्या थोड्या सुधारल्या तरी खूप फरक पडतो.

उनाड_पक्षी

+१. माझ्या वर्गातली थाई मुलं 'आर' आणि 'एल' ची गल्लत करतात. ते कसं सोडवायचं हे शिकून घेतलं तेव्हापासून माझ्या उच्चारांबद्दल कुणी विचारलेलं नाही.

शिरवा

मनावरचं ओझं उतरलं, ताई. व्हिडिओ करायला घेते. तोपर्यंत अनुभवासाठी ऑनलाइन शिकवलं तर तो अनुभव धरतात का?

स्वल्पविराम

ऑनलाइनचा बाजार २०२१ नंतर बदलला. त्या वर्षी जुलैमध्ये चीनने शाळाबाहेरच्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यावरही बंदी आली, आणि मोठमोठे प्लॅटफॉर्म गुंडाळले गेले. आयटॉकी आणि प्रेप्ली यांवर नॉन-नेटिव्ह शिक्षकाला प्रोफाइल उघडता येतं. प्रेप्लीवर पहिल्या चाचणी तासाची सगळी रक्कम प्लॅटफॉर्मकडे जाते, नंतर कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होतं आणि तास वाढतील तसं १८ पर्यंत उतरतं. कमाईपेक्षा अनुभव आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय यासाठीच त्याकडे बघा.

निळीशाई

अनुभव म्हणून मुलाखतीत सांगता येतो. पण व्हिसासाठी 'दोन वर्षांचा अनुभव' मागतात तेव्हा संस्थेचं पत्र लागतं, प्लॅटफॉर्मवरचे तास तिथे सहसा धरत नाहीत. दोन्ही समांतर ठेवा.

कोरीपाटी

शेवटचा प्रश्न, जपानबद्दल. सरकारी शाळांना सहायक शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीच्या अर्जात 'बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून' अशी अट आहे. माझं सातवीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सेमी-इंग्रजी, पदवी आणि बीएड इंग्रजीतून. मी बसते का यात?

निळीशाई

सरळ मोजणीत नाही बसत, आणि खोटं पत्र अजिबात घेऊ नका. इमिग्रेशनने विचारणा केली तर तुमचंच नुकसान. काही कंपन्या महाविद्यालयीन वर्षं धरतात, काही धरत नाहीत. म्हणून अर्जाआधीच त्यांना लिहा की शालेय शिक्षण इतकी वर्षं या माध्यमातून, पदवी आणि बीएड इतकी वर्षं इंग्रजीतून, सोबत सी२ चं प्रमाणपत्र, हे चालेल का. महाविद्यालयाकडून लेटरहेडवर माध्यमाचं पत्र आत्ताच मागून ठेवा. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष, शिकवण्याची आणि परीक्षेची भाषा, आणि सही करणाऱ्याचं पद व संपर्क हे सगळं हवं. नुसतं 'इंग्रजी माध्यम' एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं.

ते नाही म्हणाले तर खाजगी संभाषण-शाळांकडे वळा. त्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा आहे, आणि पदवीधर असल्यामुळे तुम्ही त्यात बसता. मसुदा तयार झाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवण्याआधी एकदा बघून देते.